खरं सांग, काय बदलवलं?

नागपूरला आमच्या बर्डीवर एक काकाजी होते. बिघडलेला कॉम्प्युटर खोलण्याआधी ते त्याच्या मालकाला खोलायचे. पेचकस मागाहून.

दुकान कसलं, कापडाच्या एका मोठ्या दुकानाच्या जिन्याखालची ढोली. तिच्यात एक टेबल, एक पंखा, एक लाल प्लास्टिकचं स्टूल आणि स्वतः काकाजी एवढंच मावायचं. गिऱ्हाईक जाड निघालं तर पंखा बाहेर काढावा लागे. मी त्यांचा शेजारी. माझं फ्लेक्सचं दुकान. माणसाला वीस फूट करणं हा माझा धंदा. वॉर्डातल्या कोणत्याही भाऊंचा पासपोर्ट फोटो आणा, मी त्यांना मेट्रोच्या खांबाएवढं करून चौकात उभं करतो, आणि मिशी विरळ असली तर तीही भरून देतो. त्यामुळे कोणाचीही गोष्ट सांगताना माझ्या हातून ती थोडी मोठी होऊन जाते. तुम्ही वाचताना आपापल्या अंदाजानं लहान करून घ्या.

काकाजींकडे येणाऱ्या मशीनांचा एक रोग ठरलेला होता. बटण दाबलं की पंखा घूंघूं करतो, पुढचा दिवा लागतो आणि पडदा ठार काळा. अक्षर नाही, चित्र नाही. याचं कारण बहुतेक वेळा एकच. विंडोज जागं होण्याच्याही आधी कॉम्प्युटर आतल्या पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, एक यादी वाचतो. किती वेगानं पळायचं, चित्र कुठून काढायचं, कोणत्या डिस्कवरून उठायचं, सगळं त्या यादीत. तिला बायोस म्हणतात. साध्या माणसानं तिकडे फिरकू नये असं सगळे सांगतात, म्हणून अर्धं नागपूर तिकडे फिरकून येतं. मोबाईलवर कोणीतरी ओरडतो, 'ही एक सेटिंग बदला, मशीन रॉकेट!' हा जाऊन बदलतो, मशीन आंधळं होतं, आणि मग हा जिन्याखाली येऊन म्हणतो, "काकाजी, आपण तं काहीच नाही केलं. आपोआप झालं."

काकाजी त्याला लाल स्टुलावर बसवत. मशीनकडे बघतही नसत. डाव्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचा, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं तोंडाच्या उजव्या बाजूनं यायचं.

"खरं सांग, काय बदलवलं?"

बस. यापलीकडे प्रश्न नाही. उत्तर येईपर्यंत पेचकस उचलायचा नाही.

एकदा एक मोठे वकीलसाहेब आले. काळा कोट, सोबत मशीन उचलून आणणारा ऑटोवाला. साहेब म्हणाले, "मी काही बदललेलं नाही."

"आपोआप तं केसही नाही पिकत वकीलसाहेब, वय द्यावं लागते. बसा."

"अहो, मी तीस वर्षं लोकांना सांगत आलो की काही कबूल करू नका."

"तेच तं. आता या बाजूले बसून पाहा."

साहेब बसले. सकाळचे अकरा वाजले होते. काकाजींनी दुसरं मशीन उघडलं, तिसरं उघडलं, माझ्याशी संत्र्यांवरून वाद घातला. साहेब बसलेलेच. मी शपथेवर सांगतो, आणि माझ्या शपथेची पत अख्ख्या बर्डीला माहीत आहे, त्या एका बैठकीत साहेबांची दाढी बोटभर वाढली. चारच्या सुमाराला त्यांचा धीर सुटला. मान खाली घालून म्हणाले, "मेमरीचा वेग वाढवला होता. व्हिडिओ पाहून."

काकाजींनी लगेच निळी वही काढली. तारीख, मशीन, काय बदलवलं, कोणी बदलवलं. मग रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला एक बोट वर करून दाखवलं. म्हणजे एक कट चहा. कबूल करणाऱ्याला काकाजींकडून चहा, हा त्यांचा नियम. तो चहा येईपर्यंत त्यांनी मशीनच्या पोटातला रुपयाएवढा सेल काढला, थोडं थांबले, परत बसवला. पडद्यावर उजेड. साहेबांचा चहा अर्धाही झाला नव्हता.

मी विचारलं, "काकाजी, पाच मिनिटांचं काम होतं. सकाळीच सेल काढला असता तर?"

काकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी देवघरात चपला घालून आलो.

"सेल काढणं म्हंजे त्याले सगळं विसरवणं होय गा. कोणाले विसरवाच्या आधी विचारून नाही घ्यावं का, बाबा, तुले काय काय आठवते म्हणून? त्याच्यात काही कामाचंही राहते."

ही रीत त्यांनी खापरखेड्याहून आणली होती. वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. तिथे पाळी बदलताना एक रजिस्टर भरायचं असतं. तुझ्या पाळीत तू कोणता काटा हलवला, कोणता वॉल्व्ह किती फिरवला, ते लिहून सही. काकाजींनी निवृत्तीनंतर सगळ्या जगाला ते रजिस्टर लावलं. चहावाल्यानं चहात आलं वाढवलं तरी विचारायचे, "काय बदलवलं?" माझ्या दुकानाची पाटी मी निळ्याची लाल केली, तर त्यांच्या वहीत तारखेसकट नोंद.

"पुढच्या पाळीचा माणूस आंधळा येते गा," ते म्हणत. "तू काय करून ठेवलं, ते त्याले दिसत नाही. तू सांगशील तेवढंच दिसते."

हे ते सहज बोलत नव्हते. काकूंची नजर काचबिंदूनं गेली होती. आधी कडा गेल्या, मग मधलंही. मानकापूरच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात एक भांडंसुद्धा सांगितल्याशिवाय हलत नसे. काकाजी घरात शिरले की दारापासूनच सुरू, "मी आलो वं. चप्पल डाव्या हाताले ठेवली. पिशवी टेबलावर आहे, कोपऱ्यापाशी. आज खुर्ची एक हात मांगं सरकवली, पाहून येजो." काकू त्या आवाजावरून चालायच्या. दुसरे लोक भिंतीचा आधार घेतात. या बाई नवऱ्याच्या बोलण्याचा घेत. मी तर लोकांना सांगायचो की काकाजी बोलत राहिले तर काकू एकट्या जाऊन कळमन्याच्या मार्केटातून संत्री निवडून आणतील. यात वाढवलेलं फक्त कळमना आहे.

जगाला रजिस्टर लावणाऱ्या या माणसानं एक नोंद मात्र कधी केली नाही. त्याचं तोंड उघडेनासं झालं होतं. खर्रा ते स्वतः घोटत, प्लास्टिकच्या पन्नीत, हाताचा तळवा लाल होईस्तोवर. आधी ते अख्खा समोसा खायचे. मग तोडून खाऊ लागले. मग चुरून. मी शेजारी बसून पाहत होतो आणि गंमत करत होतो. "काकाजी, तोंड अर्धंच उघडता, अर्धं भाड्यानं दिलं का?" ते उजव्या बाजूनं हसायचे.

पकडलं काकूंनी. न बघता. एक दिवस त्या म्हणाल्या, "अजी, तुमचा 'ळ' बदलला. 'र' बी बदलला. खरं सांगा, काय झालं?"

डॉक्टरांनी कॅन्सर आहे, जीभ काढावी लागेल असं सांगितलं. अर्धी नाही, जवळपास सगळी.

त्या दिवशी दुकानात काकाजी लाल स्टुलावर बसले. गिऱ्हाइकाच्या जागेवर. मला सुचेना, मी बोलत राहिलो. माझं तसंच आहे, सुचेना की मी जास्त बोलतो. मग ते म्हणाले, "तिले दिसत नाही. मले बोलता येणार नाही. म्हंजे एका घरात दोघं जण राहून..." आणि वाक्य तिथेच ठेवून दिलं.

ऑपरेशनला तीन आठवडे होते. तोड त्यांनीच काढली. घरी एक कॉम्प्युटर ठेवायचा. त्यात आपल्या आवाजात वाक्यं भरून ठेवायची. एका कळेला एक वाक्य, दोन कळांना दुसरं. पुढे कळ दाबली की मशीन त्यांच्या आवाजात बोलेल, काकू ऐकतील. कॉम्प्युटर मी दिला. माझ्या दुकानातला, तीनच वर्षांचा. दिला म्हणजे खरोखर दिला, एवढं एक काम मी मनापासून केलं.

तीन आठवडे काकाजी रोज दुपारी खोलीचं दार लावून बोलले. मी मोजदाद ठेवली नाही, पण साडेतीनशेच्या वर वाक्यं झाली. मी आलो. मी बाहेर जाऊन राहिलो. चप्पल डाव्या हाताले आहे. खाली पाणी सांडलं, थांब. गोळी घेतली का? भाजीत मीठ कमी आहे. भाजीत मीठ जास्त आहे. भाजी बरी आहे. शेजारची बाई आली. दार कोणी वाजवलं ते मी पाहतो. तोल सांभाळ. मी इथंच आहे. मी इथंच आहे हे त्यांनी चार तऱ्हांनी भरलं; हळू, मोठ्यानं, रागानं, आणि एक असं की मी खोलीबाहेर गेलो.

काकूंनी एक मागून घेतलं. "ते तुमचं काय बदलवलंवालं बी घाला. त्याच्याशिवाय घर तुमचं वाटणार नाही मले."

"खरं सांग, काय बदलवलं?" तेही भरलं गेलं.

आता मशीनबद्दल एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या दुकानात असताना मी त्याच्या डिस्कला कुलूप लावलं होतं. निवडणुकीच्या दिवसांत एका पार्टीचं डिझाईन दुसऱ्या पार्टीला दिसू नये म्हणून. या कुलपाची किल्ली मशीनच्याच पाटीत लपलेली असते, रोज आपोआप फिरते, कोणाला पत्ताही लागत नाही. ती किल्ली कधी पुसली गेली तर मात्र अठ्ठेचाळीस आकड्यांचा एक नंबर मागते. तो नंबर मी कागदावर छापून ठेवला होता. काकाजींनी विचारलंही होतं. मी म्हटलं, "माह्यापाशी आहे नं काकाजी, फिकर काहून करता?" त्यांनी वहीत लिहिलं, 'कुलपाचा नंबर शेजाऱ्यापाशी.' वाक्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवायचं कामही माझ्याकडेच होतं. रोज उद्यावर जात होतं.

ऑपरेशन झालं. दुकान बंद केलं, सामान विकलं. काकाजी माझ्या फ्लेक्सच्या तुकड्यांच्या पाठीवर मार्करनं लिहून बोलू लागले. पुढच्या बाजूला कोणा भाऊंचा वाढदिवस, मागच्या बाजूला 'पाणी दे'. पण घरात त्यांना फ्लेक्सची गरज नव्हती. घरात मशीन होतं. मी जायचो तेव्हा दारातच ऐकू यायचं, तोच उजव्या बाजूचा आवाज, "मी आलो वं." काकू म्हणायच्या, "आजकाल भांडण कमी करून राहिले. भांडणाच्या कळाच कमी ठेवल्या यायनं." काकाजी मग मुद्दाम 'भाजीत मीठ जास्त आहे' दाबायचे, चहा पिताना.

तीन महिने असे गेले. मग मी गेलो.

काकाजी शेकाईसाठी, म्हणजे रेडिएशनसाठी, दवाखान्यात होते, त्या दिवशी एक दिवस तिथेच ठेवून घेतलं होतं. मी ठरवून तेव्हाच गेलो. मला रील करायचा होता. 'नागपूरचं बोलणारं मशीन, बनवणारा मी.' छोटा पडदा रीलमध्ये मरतुकडा दिसतो म्हणून माझ्या दुकानातला मोठा पडदा नेला, आणि तो चालावा म्हणून ग्राफिक्स कार्डही नेलं. कार्ड आत बसवलं. चित्र येईना. मग मी बायोसमध्ये शिरलो आणि मशीनचं स्वतःचं, आतलं ग्राफिक्स बंद करून टाकलं, म्हणजे चित्र फक्त कार्डातून निघेल. निघालं. झकास निघालं.

बाजूला खुर्चीत काकू बसल्या होत्या. "काय करून राहिले भाऊ?"

"धूळ पुसून राहिलो काकू. लय धूळ बसली."

मग काकू आतल्या खोलीत आडव्या झाल्यावर मी रील केला. माझंच बोलणं भरपूर. मी बोलू लागलो की मशीनला कुठून जागा मिळणार. शेवटी फक्त एक कळ दाबली. ती प्रसिद्ध, 'काय बदलवलं'ची कळ. मग दुकानातून फोन आला, काम अडलं होतं, कार्ड पाहिजे होतं. मी मशीन बंद केलं, कार्ड काढलं, पडदा उचलला, निघालो. आतलं ग्राफिक्स परत चालू करायचं राहिलं. राहिलं म्हणजे आठवलंच नाही.

संध्याकाळी काकूंना करमेना. नवरा दवाखान्यात, घर मुकं. त्यांनी मशीन चाचपून बटण दाबलं. 'मी इथंच आहे' ऐकायचं होतं, बस. पंखा घुमला, आवाज आला नाही. चित्र काढायला जागाच नाही म्हणून मशीन उठतच नव्हतं. त्यांना काय दिसणार? त्यांनी एकेक कळ दाबली. मग सगळ्या दाबल्या. मग घाबरून बटण धरून ठेवलं, विझेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकाजींचा निरोप आला. मी गेलो. पडदा ठार काळा. काकू भिंतीला टेकून एकच बोलत होत्या, "म्याच बिघडवलं. नसता आगाऊपणा केला म्या. मले कशाले पाहिजे होतं बटण दाबणं." काकाजी त्यांना नाही म्हणू शकत नव्हते. त्यांनी हात धरला तर त्यांनी सोडवून घेतला.

काकाजींनी सगळं केलं. पडद्याची वायर तपासली, दुसऱ्या भोकात लावून पाहिली. मेमरीची पट्टी काढली, पुसली, बसवली. शेकाईनं जळालेली मान वाकवता येत नव्हती, म्हणून गुडघ्यावर बसून. मग फ्लेक्सचा तुकडा घेतला आणि लिहिलं. माझ्यासमोर धरलं.

'काल तू आलता. खरं सांग, काय बदलवलं?'

लाल स्टूल नव्हतं, मी उभाच होतो. माझं तोंड, जे वीस वर्षांत एकदाही बंद राहिलं नव्हतं, ते उघडलं आणि म्हणालं, "काही नाही काकाजी. धूळ पुसली फक्त."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं, 'तुझ्या दुकानातलं कार्ड आण.'

इथे मी एवढंच सांगतो की मला कळलं होतं. कार्ड लावलं की मशीन उठणार होतं, सगळी वाक्यं जागच्या जागी असणार होती, आणि त्या यादीत माझं बोट दिसणार होतं. आतलं ग्राफिक्स आपोआप बंद होत नाही. आणि कार्ड माझ्याशिवाय कोणाकडे नव्हतं. सेल काढला तर यादी कोरी होईल. मशीन उठेलही, आणि मी केलेलं विसरेलही.

"कार्ड तं मोठ्या मशीनमध्ये गुंतलं काकाजी," मी म्हटलं. "सेल काढा नं. पाच मिनिटांचं काम."

त्यांनी बोट सेलापाशी नेलं, मागे घेतलं. सांगितल्याशिवाय सेल न काढणारा माणूस. मागून काकूंचं चालूच होतं, म्याच बिघडवलं, म्याच बिघडवलं. त्या आवाजानंच त्यांचा हात उचलला असावा. त्यांनी सेल काढला. थोडं थांबले. परत बसवला.

पडद्यावर उजेड आला!

मी ओरडलो. उड्या मारल्या. पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आल्या होत्या, खाली 'हो' की 'नाही'. माझ्या धंद्यात संगणक काहीही विचारो, आपण हो म्हणायचं असतं. काकाजींनी टेबलावर हात आपटला. दोनदा, तीनदा. मला वाटलं आनंदानं. मी 'हो' दाबलं.

त्या चार ओळींचा अर्थ असा होता: आतल्या किल्लीचा भरवसा राहिला नाही, पुसून नवी करू का, तुमच्या डिस्कला कुलूप असेल तर थांबा.

जीभ असती तर ते एकच शब्द बोलले असते. थांब. तो शब्द मशीनमध्येही भरलेला होता, पाणी सांडलं, थांब.

मग निळा पडदा आला आणि त्यानं अठ्ठेचाळीस आकडे मागितले. काकाजींनी माझ्याकडे हात पसरला. मी दुकानात गेलो. तो कागद मी त्या दिवशी शोधला, पुढे महिनाभर शोधला, फ्लेक्सच्या गुंडाळ्या उकलून पाहिल्या, रद्दीवाल्याचं गोदाम उपसलं. आकडे मिळाले नाहीत. ते मशीन अजून आहे. सुरू होतं. स्वच्छ दिसतं. नंबर मागतं.

उरलं ते माझ्या मोबाईलमध्ये. रीलमधलं माझं सगळं बोलणं कापून टाकलं आणि शेवटचं वाक्य एका जुन्या फोनमध्ये घालून मी त्यांना नेऊन दिलं. कधीतरी गमतीत भरलं होतं म्हणून सांगितलं. हेही खोटंच. काकाजी तो फोन गळ्यात दोरीला अडकवून फिरू लागले. त्या घरात आता साडेतीनशे वाक्यांचं काम एक वाक्य करू लागलं. काकाजी बाहेरून आले की फोन म्हणायचा, "खरं सांग, काय बदलवलं?" चहा पाहिजे, तेच. पाणी सांडलं, तेच. मी इथंच आहे, तेच. काकू कान देऊन ताडायच्या, हे कोणतं असेल. बऱ्याचदा चुकायच्या. एकदा सांडलेल्या पाण्यावरून पडल्या, मनगट मोडलं.

आणि मी गेलो की दारात तोच आवाज. मी म्हणायचो, "काही नाही काकाजी, मजेत." आणि जोरात हसायचो.

मे महिन्यात एकदा दुपारी गेलो. नागपूरचा मे मी वाढवून सांगत नाही, तो आधीच वाढवलेला असतो. दार लोटलेलं होतं. आत काकू खाटेवर बसल्या होत्या, पातळ घामानं अंगाला चिकटलेलं, चेहरा लाल. कूलर बंद. पंखासुद्धा बंद. लाईट होती, फ्रीजचा आवाज येत होता.

"काकू, कूलर काहून बंद?"

"ते झोपले आत. उठले का लावतीन."

"अहो, बटण तं तुमच्या हाताशी आहे."

त्या हातावर हात ठेवून बसल्या होत्या. मोडलेलं मनगट खाली, चांगलं वर. "मी बटणं नाही दाबत आता," त्या म्हणाल्या. "मिक्सर नाही, पंखा नाही, काहीच नाही. माह्या हाताचं काही खरं नाही भाऊ. यायचा आवाजच खाऊन टाकला म्या."

मी त्यांना पाणी दिलं.

आतून काकाजी आले. सुकून गेले होते, सदरा खुंटीवर टांगल्यासारखा. त्यांनी आधी कूलरचं बटण दाबलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि गळ्यातला फोन दाबला. आपलं नेहमीचं, केव्हा आला, कसा आहे, बस.

"खरं सांग, काय बदलवलं?"

मी खाली बसलो. फरशीवरच. म्हणालो, "आतलं ग्राफिक्स बंद केलं होतं. रील कराले. कार्ड मीच काढून नेलं. सेल काढा म्हटलं ते पकडला जाईन म्हणून म्हटलं."

कूलरचा आवाज मोठा होता, त्यात काकूंपर्यंत पोचलं नसावं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. काकाजींना ऐकू गेलं. ते आत गेले आणि निळी वही घेऊन आले. पान लगेच सापडलं, खूण घातलेली होती. त्या दिवसाची तारीख. घरचं मशीन. डिस्प्ले नाही. काय बदलवलं, या रकान्यात लिहिलं होतं: 'सांगून नाही राहिला.' म्हणजे त्यांना तेव्हापासून माहीत होतं. काय ते नाही. कोण ते.

त्यांनी ती ओळ खोडली. वर हळूहळू लिहिलं. कोणी, या रकान्यात माझं नाव लिहिलं. मी सवयीनं त्यांच्या बोटाकडे बघितलं, चहासाठी वर जातं का. गेलं नाही. त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि ते बोट काकूंकडे केलं.

त्यांना बोलता येत नव्हतं. काकूंना दिसत नव्हतं. त्या घरात वाचून दाखवू शकणारा मी एकटाच होतो.

मी खाटेजवळ जाऊन मोठ्यानं वाचलं. तारीख वाचली. काय बदलवलं ते वाचलं. नाव वाचलं. शब्द वाढवला नाही.

काकूंनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाल्या, "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"म्हंजे माह्या हातानं नाही झालं."

"नाही काकू."

मला त्या काहीच बोलल्या नाहीत. पुढे काकाजी गेले, तेराव्याला मी गेलो होतो, तेव्हाही बोलल्या नाहीत. त्या दुपारी त्या उठल्या. मोडलेला हात पोटाशी धरला, दुसरा भिंतीवरून सरकवत कूलरच्या बटणापर्यंत गेल्या. बोटांनी ते चाचपलं. काकाजी त्यांच्या हाताकडे बघत होते.

त्यांनी कूलर बंद केला. घरात एकदम शांत झालं, तिघांचा श्वास ऐकू यावा इतकं. मग त्यांनी तो परत सुरू केला.